धनिष्ठा आणि खासबागेतलं कुलूप

परशराम गेल्याची बातमी मला त्यानेच काढलेल्या ग्रुपवर कळली. 'रविवारचं विज्ञान' असं त्या ग्रुपचं नाव. आदल्या दिवशी त्याने तिथं ग्रहणाचा एक व्हिडिओ टाकला होता. त्याच्याच खाली त्याच्या मुलाचा, नितीनचा निरोप होता की पप्पा झोपेतच गेले. निपाणीच्या स्टँडवर मी बेळगावची गाडी धरतोय तोवर दुसरा निरोप आला. मृत्यू धनिष्ठा पंचकात झाल्यामुळे दिवसकार्यानंतर घर सहा महिने बंद राहील. चंद्र ठरावीक नक्षत्रांत असताना माणूस गेला तर घरात आणखी मरणं ओढवतात, म्हणून घर सोडायचं, अशी आमच्याकडची समजूत. खाली सगळ्यांनी हात जोडले होते. वर्षानुवर्षं ज्यांनी परशरामचं ऐकलं, त्यांतल्या एकालाही काही खटकलं नाही...

टेलिफोन खात्यात आम्ही बरोबर होतो. बेळगावात खासबागेतल्या त्याच्या घरी, बाहेरच्या खोलीत रविवारी सकाळी गल्ली जमायची. विज्ञानाचं एक मराठी मासिक तो मोठ्याने वाचायचा आणि वाक्य संपलं की शेजाऱ्यांसाठी तेच कानडीत सांगायचा. पुढे भिंतीवर चादर ताणून व्हिडिओ दाखवायला लागला, तरी मध्येच थांबवून दोन्ही भाषांत समजावणं सुटलं नाही. मला कंटाळा यायचा. कुरकुरलो की म्हणायचा, "दोनदा ऐकलं तर काय बिघडतंय रं? खोटं तर आपण जन्मभर ऐकतोय." ग्रहण लागलं की हा मुद्दाम बाहेरच्या पायरीवर बसून पोहे खायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. पोहे शांतावहिनी करून द्यायच्या आणि स्वतः ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. अख्ख्या गल्लीला शिकवणाऱ्या या माणसाने बायकोला कधी शेजारी बसवून विचारलं नाही की तुला काय वाटतं. याचा राग मला अजून आहे, आणि तो आता कुणावर काढायचा?

बाराव्या दिवशी मी नितीनला बाजूला घेतलं. याच खोलीत, याच चादरीसमोर बसून हा पोरगा शिकला, बापाबरोबर भिंगं घासून दुर्बीण केली, आणि आज बेंगळूरला मोठ्या कंपनीत आहे. मी म्हटलं, तुझ्या बापाला हे आवडलं असतं का. तो खाली बघत म्हणाला, "काका, माझाबी इश्वास न्हाय ह्यावर. पन रिस्क कशाला घ्यायची?" विश्वास आहे म्हणाला असता तर भांडलो असतो. वहिनींनी एकदाच सांगितलं की मी घर सोडणार नाही. तेव्हा भावकीतल्या एकाने सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, नातवाच्या जिवापेक्षा घर मोठं आहे का. नितीनने समोरच भाड्याने एक खोली घेतली, वहिनींना तिथं ठेवलं, घराला कुलूप लावलं आणि तो नोकरीवर गेला. दुर्बीण, मासिकांचे गठ्ठे, भिंतीवरची चादर, सगळं आत राहिलं.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा नुकताच अंधार पडला होता आणि गल्लीतली लाईट गेली होती. वहिनी खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. चहाचं विचारलं आणि एकदम म्हणाल्या, "भावजी, ती धनिष्ठा कंची हो? ह्येनी दुर्बिणीतनं दावली होती. मला काय दिसलंच न्हवतं. व्हय म्हटलं नुसतं."

मी बोट दाखवलं. डोक्यावर, पतंगासारख्या चार बारीक चांदण्या. लाईट असती तर दिसल्याही नसत्या. परशराम सांगायचा तेच सांगितलं, की हा उजेड तिथून निघाला तेव्हा आपले वडीलही जन्मले नव्हते. वहिनी मान वर करून बघत राहिल्या. या वेळी त्यांना दिसल्या असाव्यात.

"एवढीच?" त्या म्हणाल्या. "आणि एवढ्या लांबनं तिला माझंच घर घावलं व्हय?"

घराची किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. तिच्यावर त्यांचा हात गेला आणि तसाच राहिला. मग लाईट आली. चांदण्या दिसेनाशा झाल्या, आणि समोरच्या दारावरचं कुलूप स्वच्छ दिसायला लागलं.