माझा दूध खराब हाय का

"खाली ठेव त्याला. आधी खाली ठेव."

शेठाणी काचेच्या दारात उभी होती. बाळ माझ्या हातात होतं. वेळेआधी जन्मलेलं, हातभरसुद्धा नाही. वजन करून मी त्याला वॉर्मरखाली परत निजवतच होते.

"तू भागीची पोरगी ना गं? आमच्या वाडीवर चिकू काढायला येते ती भागी?"

"हो."

"आणि हिच्या हातात दिलंत तुम्ही आमचं पोर?"

हा प्रश्न मला नव्हता. माझ्या मागे डॉक्टर उभे होते, त्यांना होता. शेठाणीने त्यांना समजावूनही सांगितलं. शांतपणे, पदर सारखा करत. "आमच्यात हे सगळं पाहतात, डॉक्टर. पहिला हात ज्याचा लागतो, पहिला थेंब ज्याचा पोटात जातो, त्याचे गुण पोरात उतरतात. उद्या हा जंगलात पळाला तर?"

ती हसली. डॉक्टरही हसले. मग मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पलीकडच्या बाळांचं बघा."

पलीकडे म्हणजे खिडकीकडची रांग. सरकारी योजनेच्या कार्डावर आलेली बाळं. झरीची, उधव्याची, पाड्यापाड्यांतली.

शेठाणीचं अजून संपलं नव्हतं. "पुसून काढा त्याला. गरम पाण्याने. हिचा हात लागलाय."

मी म्हटलं, "सर, बाळ थंड पडेल. एवढ्या लहान बाळाला पुसत नाहीत."

"सिस्टर. पलीकडे."

इन्चार्ज सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मोबाइलकडे. मग तिने त्याला पुसलं. त्याचे पाय निळसर झाले. रडण्याइतकीही ताकद नव्हती त्याच्यात, नुसतं तोंड उघडत होता. मी खिडकीजवळून बघत होते. माझा हात धुऊन काढण्यासाठी त्या लेकराला गारठवलं.

माझी आई त्या वाडीवर लग्न झाल्यापासून जाते. जाळी लावलेल्या लांब काठीने चिकू काढते. मग टाकीत घालून हाताने चोळून धुते, सालीवरची भुकटी निघून फळ चकचकीत होईपर्यंत. त्यातलेच निवडक चिकू शेठाणीच्या देवासमोर जातात. ते कोणी परत धुतलेले मी ऐकलं नाही.

मी वारली. आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर. बीएस्सी नर्सिंग. हे मी मोठ्याने सांगते, कारण आमच्या लोकांना हळू बोलायची सवय लावलेली आहे. केसापेक्षा थोडी जाड शीर असते बाळाची, ती मला पहिल्या टोचण्यात सापडते. अशा हाताला डहाणूतल्या त्या खाजगी दवाखान्यात पलीकडे जायला सांगितलं. मी गेले. नोकरी नवी होती. इन्चार्ज सिस्टर दुपारी डबा खाताना म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको. मोठी माणसं आहेत. इथे असंच चालतं."

पलीकडे सुकरीची मुलगी होती. सुकरी झरीकडच्या पाड्यावरची. मुलगी लहानखुरी, पण चिवट. नळीतून दूध घ्यायची आणि पचवायची. सुकरी दारापाशी बसून स्टीलच्या वाटीत दूध पिळून द्यायची. अंगाने काडी, पण मुलीला पुरेल एवढं यायचं. पुरेल एवढंच. वाटी माझ्या हातात देताना दर वेळी विचारायची, "बाय, आज किती पिली?" मी सांगायचे. ती नुसती मान हलवायची, आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटायची.

दुसऱ्या रांगेत शेठाणीच्या नातवाला डब्याचं दूध सोसत नव्हतं. त्याच्या आईचा बीपी वाढलेला, ती खालच्या मजल्यावर अर्धवट शुद्धीत. तिला दूध नव्हतं. राउंडला डॉक्टर शेठाणीला म्हणाले, "आईचं दूध मिळालं तर हा तरेल. कोणत्याही आईचं चालेल." एवढं मी ऐकलं. मग दोन दिवस माझी सुट्टी होती.

सुट्टीवरून सकाळी आले तर सुकरीच्या मुलीचं पोट फुगलेलं. ताणून चकाकत होतं. नळीतून पोटातलं ओढून बघितलं तर हिरवं आलं. तिच्या वॉर्मरशेजारी डब्याच्या दुधाची वाटी.

मी बाहेर गेले. सुकरी दारापाशीच होती. मला बघून उठली.

"बाय, माझा दूध खराब हाय का?"

"कोण म्हणालं?"

"तपासाया नेतात. परत आणीतच नाहीत. पोरीला डब्याचा देतात. खराब असंल म्हणूनच ना?"

मी म्हटलं, "नाही. तुझं दूध चांगलं आहे." आणि आत येऊन इन्चार्ज सिस्टरला विचारलं, वाटी कुठे जाते.

तिने बोट दाखवलं नाही. डोळ्यांनीच दाखवलं. पहिल्या रांगेकडे.

मग हळूहळू सगळं तिनेच सांगितलं. शेठाणी तयार झाली होती, पण तिच्या अटी होत्या. दूध कोणाचं हे घरात कोणाला कळता कामा नये. पॅन्ट्रीत उकळून घ्यायचं. त्यात गंगाजलाचा थेंब टाकायचा. सोन्याची अंगठी बुडवायची, म्हणजे दोष जातो. आणि पहिला थेंब शेठाणीने स्वतःच्या हाताने बाळाच्या ओठांना लावायचा. डॉक्टरांनी सगळ्याला मान हलवली. सुकरीला 'तपासायला' सांगायचं हेही त्यांनीच ठरवलं. आधी इकडे, उरलं तर तिकडे. उरत नव्हतं.

माझा हात लागला म्हणून ज्याला पुसलं, त्याच्या पोटात सुकरीचं दूध. तेही चोरून.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, सुकरीच्या बाळाचं पोट बिघडलंय. आईचं दूध तिलाच द्यायला हवं होतं."

ते म्हणाले, "सिस्टर, भावनेच्या भरात बोलू नका. कमी वजनाचं बाळ आहे, अशी बाळं जातात. तुम्हाला काय, हे नवीन आहे का?"

अशी बाळं जातात. शाळेत आमच्याबद्दल असंच बोलायचे. अशी पोरं गळतात.

दुपारी सुकरीची मुलगी गेली.

सलाईन, औषधं, सगळं केलं. शेवटी तिच्या छातीवर माझी दोन बोटं होती, दाबत होती. डॉक्टर म्हणाले, "थांबवा." मी थांबवलं. नळी काढली. तोंड पुसलं. तिला स्वच्छ कपड्यात गुंडाळून सुकरीच्या मांडीवर दिलं. सुकरी रडली नाही. तिच्या पोलक्यावर दुधाचे दोन ओले डाग होते, ते मोठे होत चालले होते. अंगाला काय कळतं, पोर गेल्याचं.

तिचा नवरा गाडी बघायला खाली गेला होता. मी तिथेच पॅसेजमध्ये कागद करत होते. समोरच्या बाकावर शेठाणीच्या सुनेच्या माहेरची माणसं बसली होती. तेवढ्यात शेठाणी आली. डॉक्टर बरोबर होते. तिने आधी आवाज उतरवला. "वाईट झालं." मग माझ्याकडे वळली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली.

"हे बघ पोरी, तिचं दूध आता वायाच जाणार ना? सांग तिला समजावून. राहू दे इथे चार दिवस. जेवणखाण मी बघते. पुण्य लागेल तिला."

मला वाटलं, डॉक्टर काहीतरी बोलतील. निदान खाली बघतील.

ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भाषेत सांगा तिला. तुमचं ऐकेल."

तुमच्या भाषेत. दवाखान्यात आमची भाषा बोलले की इन्चार्ज सिस्टर म्हणायची, "नीट बोल, हॉस्पिटल आहे." आज तीच भाषा हवी होती. मेलेल्या पोरीच्या आईकडून वाटी भरून घ्यायला.

मी म्हटलं, "सांगते."

मी सुकरीसमोर जमिनीवर बसले. आणि आमच्या भाषेत सगळं सांगितलं. तुझं दूध तपासायला नेलं नाही. त्या काचेमागच्या पोराला पाजलं. तुझ्या पोरीला डब्याचं दिलं. ते तिला सोसलं नाही. दूध उकळलं, त्यात गंगाजल घातलं, कारण ते तुझं होतं. आणि आता ही बाई ते परत मागते आहे. एक शब्द गाळला नाही. माझा आवाज वाढत गेला असावा. भिंतीलगत बसलेल्या, पलीकडच्या बाळांच्या आया उठून उभ्या राहिल्या. त्यांना कळत होतं. डॉक्टरांना कळत नव्हतं. पहिल्यांदाच त्या दवाखान्यात त्यांना कळत नव्हतं आणि आम्हाला कळत होतं.

"काय सांगतेय ती एवढं?" शेठाणी म्हणाली.

सुकरी उठली. मुलगी छातीशी. काचेपाशी गेली आणि आत बघितलं. त्या पोराकडे बराच वेळ बघितलं. मग शेठाणीकडे वळली. मराठीत बोलली, तिला कळावं म्हणून.

"पहिला दूध माझा गेला ना त्याच्या पोटात?"

शेठाणीने पदर सारखा केला.

"मग माझाच गुण लागल त्याला. उकळून जात नाय."

शेठाणीने वळून बाकाकडे पाहिलं. घरात कोणाला कळू नये असं जे होतं, ते भरल्या पॅसेजमध्ये, तिच्या सुनेच्या माहेरच्यांसमोर बोललं गेलं होतं. "डॉक्टर, हिला घालवा आधी," ती म्हणाली. "दोघींना घालवा."

"मी जाताय," सुकरी म्हणाली. मग तिने पोलक्यावरचा ओला डाग हाताने दाबला. "ह्यो माझे पोरीचा हाय. तिला पुरीन तिथंच सांडीन."

आमच्यात लहान मूल पुरतात. ती तशीच जिना उतरली.

इथे मला कोणी थोर म्हणू नये. आत एक भुकेलं पोर होतं आणि मी नर्स आहे. शेठाणी सुकरीसमोर उभी राहून, तिच्या तोंडाकडे बघून, "माझ्या नातवाला दूध दे" म्हणाली असती, तर काय झालं असतं, मला माहीत नाही. तिने तसं मागितलं नाही. संध्याकाळच्या आत त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालून चारोटीच्या वाटेने मुंबईला नेलं. तो जगला. बरं झालं. पोराने काही केलं नव्हतं.

मला डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. म्हणाले, "माफीचं पत्र लिहा, विषय संपवू." मी म्हटलं, "कोणाची माफी?" त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी बॅज काढून टेबलावर ठेवला. इन्चार्ज सिस्टर दारापर्यंत आली. "तुझ्या आईचं काम जाईल वाडीवरचं. विचार कर." मी वाटभर विचार केला. घरी जाऊन आईला सांगितलं. आई दुसऱ्या दिवशी वाडीवर गेली. काठी फाटकाला टेकवली आणि परत आली. घरात शिरताना एवढंच म्हणाली, "धुवा म्हणावं आता तुमचं तुम्हीच."

आता मी तलासरीत, सरकारी दवाखान्यात आहे. तिथेही नवजात बाळंच बघते. तिथेही साहेब लोक आहेत, तिथेही 'ही लोकं' म्हणतात. मी ऐकून घेत नाही. प्रत्येक आईला तिच्या भाषेत सांगते, तुझ्या बाळाच्या पोटात काय गेलं आणि तुझं दूध कुठे गेलं. वाटी मी आईच्या डोळ्यांसमोर उचलते आणि तिच्या डोळ्यांसमोरच रिकामी करते. यावरून बोलणी खाते. खाईन. माझी भाषा खोटं सांगायला पुन्हा कोणाला भाड्याने मिळणार नाही.

सुकरीने तक्रार केली आहे. मी तिच्याबरोबर गेले होते. चौकशी लागली आहे. डॉक्टर म्हणतात, दूध कोणी घेतलंच नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणते, मला आठवत नाही. शेठाणीकडून दोनदा निरोप आला, मिटवून टाका. मी निरोप घेऊन येणाऱ्याला दारातून परत पाठवलं, सुकरीने तर कुत्रा सोडला.

चौकशीत मला बोलावतील. माझं नाव, माझं गाव, माझी जात, माझी पदवी, सगळं सांगून मी उभी राहीन. सुकरीने मला विचारलं होतं, माझा दूध खराब हाय का. त्या दिवशी मी तिला दारापाशी हळू आवाजात उत्तर दिलं होतं. आता ते सगळ्यांसमोर देणार आहे. आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या. आणि लिहून घेतल्याशिवाय जागची हलणार नाही.