दाराबाहेरची खुर्ची

विमान सिंगापूरला टेकेपर्यंत मी कमरेचा पट्टा सोडला नाही. पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि मनात एकच धास्ती, की आपल्यामुळे कुणाचं काही बिघडू नये. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, चिपळूणहून मुंबईसुद्धा दोनदाच पाहिलेली. पण धाकट्या बहिणीचं, शैलाचं बाळंतपण होतं आणि तिचे यजमान विनायकराव बोटीवर इंजिनिअर, तेव्हा नेमके समुद्रात. तिकीट त्यांनीच पाठवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

शैलाचा फ्लॅट बिशानला, अकराव्या मजल्यावर. खाली हॉकर सेंटर (खाण्याच्या गाळ्यांचं छपराखालचं आवार). तिथे मी कित्येक दिवस नुसती कोपी (तिथली दाट कॉफी) घेत होते, कारण बाकी कशात काय पडलं असेल, सांगता येत नव्हतं.

शेजारी वांजिरू राहायची. केनियाची, विद्यापीठात डासांवर संशोधन करणारी. लिफ्टमध्ये मी आधी बिचकले. तिने माझ्या हातातली पिठाची पिशवी पाहून विचारलं, "चपाती?" त्यांच्याकडेही चपातीच म्हणतात म्हणे. शैलाचं ऐकून तीही मला ताई म्हणू लागली.

शनिवारी तिच्याकडे दोन मैत्रिणी जमायच्या. तिघीही कृष्णवर्णीय, तिघी वेगवेगळ्या विभागांत आणि आपापल्या विभागात एकट्याच. त्यांची एक रीत शैलाने मला सांगितली. एकीची मुलाखत असली की दुसरी दाराबाहेर बसते. आत आपल्यासारखं कुणी नसतं, निदान बाहेर तरी असावं. आणि आत काय विचारलं ते तिथल्या तिथे वदवून घेते, म्हणजे पुढचीला तयारी करता येते.

वांजिरूची मुलाखत वरच्या जागेसाठी होती. एकदा नकार मिळालेला. आताही मिळाला तर नोकरी संपणार, आणि नोकरीबरोबर सिंगापूरला राहण्याचा पासही. बाहेर बसायची पाळी त्या दोघींपैकी अबेनाची होती, पण तिला त्याच वेळी परीक्षेच्या देखरेखीला जावं लागलं. तिसरी रजेवर.

"ताई येईल," वांजिरू म्हणाली.

मी शैलाकडे पाहिलं. ती बाळाला मांडीवर घेऊन हसत होती. "अगं, जा की. नुसतं बसायचंय."

अबेनाने मला बजावलं, की वांजिरू बाहेर येऊन 'ठीक झालं' म्हणेल, ते ऐकायचं नाही, सगळं विचारायचं. मला रात्री झोप लागली नाही. माझं इंग्रजी ते काय.

सकाळी मी डब्यात दहीसाखर घेतली. एमआरटीत (तिथली शहरी रेल्वे) काही खाल्लं की दंड, म्हणून डबा पदराखाली धरून बसले. कुणाला वास येईल याचीही भीती. वांजिरू खिडकीकडे तोंड करून ओठातल्या ओठात उत्तरं घोकत होती.

मुलाखतीच्या खोलीच्या दारापाशी मी तिला हात पुढे करायला लावला आणि तळहातावर दही घातलं. तिला वाटलं, हाताला लावायचं. तिने दुसरा हात त्यावर चोळला, आणि दही ओघळून कोटाच्या बाहीत गेलं. तेवढ्यात आतून नाव पुकारलं. ओली बाही घेऊन ती आत गेली.

मी खुर्चीत बसले. पदराचा पिळा करत राहिले. हिची नोकरी मी घालवली, असं शंभरदा वाटलं.

ती बाहेर आली. म्हणाली, "ठीक झालं."

मी मान हलवली. "नाही. सगळं सांग."

ती शेजारी बसली आणि हळूहळू सांगू लागली. पहिलाच प्रश्न, मायदेशी कधी परतणार. मागच्या वेळी तिथेच ती गोंधळली होती. "या वेळी बाहीला आंबट वास येत होता, ताई. म्हटलं, तू बाहेर आहेस. मग मी त्यांना म्हणाले, माझ्या कामाबद्दल विचारा." अर्धं मला कळलं. बाकीचं तसंच पाठ करून अबेनाला म्हणून दाखवलं.

निकालाआधीच माझं परतीचं विमान होतं. चिपळूणला शेजारच्यांच्या फोनवर शैलाने कळवलं, जागा मिळाली.

सातवीत शाळा सोडताना हेडमास्तरांच्या खोलीत गेले होते, तेव्हा दाराबाहेर कुणी बसलेलं नव्हतं, आणि मी सरळ घरी चालत आले होते. हे इतक्या वर्षांनी आठवलं.

शैला पुढे सांगत होती, की आता अबेनाची मुलाखत झाली. बाहेर वांजिरू बसली होती. दही घेऊन गेलेली, आणि बरोबर चमचा.