सातव्या ओळीतला साग

खानापूरच्या जंगलात आमची टोळी सागाची लागवड करी. भरमू मुकादम. जमीन साफ करायची, रोपं लावायची, मधल्या जागेत दोन वर्षं नाचणा पिकवून खायचा. साग वर आला की झोपड्या मोडून नव्या जागेवर जायचं. कुणाचा खड्डा उथळ दिसला की भरमू तो पायानं बुजवी आणि परत खणायला लावी. स्वतःच्या बायकोलासुद्धा.

बायको जयाबाई. तिची चार महिन्यांची मुलगी अशाच एका लागवडीवर हिवतापानं गेली. झोपडीमागंच पुरली. लागवडीची सातवी ओळ तिथूनच जाणार होती. ओळ तिथवर आली तेव्हा लेकीच्या उशाशी जयाबाईनं स्वतः रोप लावलं. तिथं खोल खणायला तिचा हात धजला नाही. भरमूनं खड्डा पाहिला. बुजवला नाही.

पुढं त्यांना मूल झालं नाही.

बारा वर्षांनी विरळणीला आम्ही त्याच लागवडीवर आलो. वाकडी, दुफाटी झाडं काढायची, म्हणजे चांगल्यांना ऊन मिळतं. कुठलं काढायचं ते भरमू ठरवी. बुंध्याला हात लावून शेंड्यापर्यंत बघत राही.

मष्णू टोळीतला तोंडाळ. म्हणाला, "मुकादम, वैनीला बी असंच बघून केलतं काय? सरळ हाय का, गाठ न्हाय न्हवं?"

फांद्यांची मोळी बांधता बांधता जयाबाई म्हणाली, "मला बघाया आलते तवा मान वर केली न्हाय ह्यांनी. समदं बघणं झाडासाठनं राखून ठेवलंय."

सगळे हसले. भरमूही.

त्याच दिवशी मष्णूच्या बापानं लावलेलं एक झाड दुफाटी निघालं. मरायच्या आधी म्हाताऱ्यानं लावलेलं ते शेवटचं. मष्णूनं हात जोडले.

"बाप तुजा, मष्णू. झाड जंगलाचं," भरमू म्हणाला. झाड पडलं.

दुसऱ्या दिवशी सातवी ओळ आली. जयाबाईचा साग वाकला होता. शेजारच्या सरळ सागाच्या अंगावर रेलला होता. आम्ही सगळे न थांबता पुढं गेलो.

मष्णूच म्हणाला, "ह्या वळीत काय न्हाय, मुकादम. चला फुडं."

"हाय की."

"आमी बघितलं न्हाय."

"मी बघितलंय."

मागून जयाबाई आली. "अवो, येवढं एक राहू दे."

भरमू शेंड्याकडं बघत राहिला. मग त्यानं मष्णूकडं पाहिलं आणि कुऱ्हाड स्वतः उचलली. बुंधा मांडीएवढाही नव्हता. तरी घाव एका जागी बसेनात. त्याचा घाव चुकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

झाड पडल्यावर जयाबाईनं त्याच्या फांद्या गोळा केल्या, मोळी बांधली आणि नेली. रडली नाही.

पावसाळ्यात त्या सागाच्या जमिनीत राहिलेल्या खोडाला फुटवे आले. खोडाचे फुटवे छाटणं हे बायकांचं काम. राखलेल्या झाडाचं पाणी ते ओढून घेतात. जयाबाई कोयता घेऊन ओळीनं छाटत आली. त्या खोडाशी भरमू आधीच जाऊन उभा होता.

"अगं, ह्ये तेवढं राहू दे."

ती खाली बसली. फुटवे डाव्या मुठीत धरले.

"राखून कसं चालंल, मुकादम?"

इतकी वर्षं ती त्याला 'अवो' म्हणत होती. तिनं बुडाशी छाटलं, एका घावात, अगदी त्यानं शिकवलं होतं तसं. मग पुढच्या खोडाकडं सरकली. भरमू खाली बसला. कामाच्या वेळी बसलेला तो आम्ही कधी पाहिला नव्हता.

त्यानंतरही दोघं एकाच झोपडीत राहिली. ती त्याला वेळेवर भाकरी वाढी, कपडे धुई. हाक मात्र मुकादम अशीच.

शेजारचा साग सरळ वाढला. आता माझ्या कवेत मावत नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी भरमू तापानं अंथरुणाला खिळला. शेवटच्या सकाळी मष्णू आणि मी उशाशी होतो. जयाबाईनं त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि पाण्याची वाटी ओठाला लावली. तो तिच्याकडं बघत होता. तिच्या 'अवो'ची वाट बघत असावा.

"मुकादम," ती म्हणाली, "तोंड उघडा."

त्यानं उघडलं.