आगीला फायर म्हटलं, तिथे चुकले

आमच्या घरात बंदूक आहे. हे मी आधीच सांगून टाकते. भाड्याची खोली शोधताना आम्ही ते शेवटी सांगायचो आणि तिथेच सगळं फिसकटायचं. बंदूक बाराबोअरची, दुनळी, परवाना नवऱ्याच्या नावावर. फौजेतून सुटल्यावर त्यांना नागपुरात पैशांच्या गाडीवर राखणीचं काम मिळालं. काम देणाऱ्यांची अट एकच, बंदूक तुमची स्वतःची हवी. बंदूक गेली की काम गेलं, इतका साधा हिशेब.

मी सिंधुदुर्गातली. सातवीला शाळा सुटली. ‘का’ विचारायला आमच्याकडे ‘कित्याक’ म्हणतात, इथे ‘काहून’ म्हणतात, आणि ‘गो’ म्हणायचं तिथे ‘वं’, एवढं कळायलाच मला महिना लागला. त्या महिन्यात पाच घरमालकांनी बंदुकीचं नाव ऐकून दार लावलं. सहाव्या आमच्या आताच्या घरमालकीण काकू, डाकघरातून निवृत्त झालेल्या. त्यांनी फक्त विचारलं, “लायसन आहे ना? दाखव.” चष्मा लावला आणि परवान्याचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, “या राहाले.” त्या दोन शब्दांचे उपकार मी जन्मभर मानीन.

काकू खाली मागच्या खोल्यांत. पुढे त्यांचाच दुसरा भाडेकरू, गादीवाला. वर आम्ही. गादीवाला दिवसभर कापूस पिंजतो आणि तो कापूस उडत उडत आमच्या जिन्यापर्यंत येतो.

त्या दुपारी नवरा ड्युटीवरून येऊन झोपला होता. मी मशीनवर साडीला फॉल लावत होते. धागा तुटला म्हणून थांबले, तर घर फार शांत वाटलं. चार वर्षांच्या मुलीच्या घरात अशी शांतता चांगली नसते. आत गेले. तिने स्टूल लावून कपाटावरची किल्ली काढली होती, कपाट उघडलं होतं, आणि माझ्या साड्यांमागे उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या खोळीवरून हात फिरवत होती.

“आई, बाबांची काठी.”

बंदूक रिकामी होती. काडतुसं दुसऱ्या डब्यात, वर माळ्यावर. सगळं खरं. तरी मी आधी तिला उचलून बाहेर आणलं, मग कपाट लावलं.

नवरा उठल्यावर त्यांना सांगितलं, एक तर तिजोरी येईल, नाहीतर बंदूक या घरातून जाईल. ते हसले. “अगो, कपाटाक कुलूप आसा मा?”

“कुलूप आसा. आणि किल्ली तुमच्या चेडवाक गावता.” मुलीला ती सापडलीच होती की.

“बंदुकीपेक्षा तिजोरी महाग पडतली.”

“पडूंदे.”

एवढ्या स्पष्ट आवाजात मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. मला तर दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून दारापर्यंत जायची भीती वाटते. पण काही भीती माणसाला बसवून ठेवते आणि काही उभी करते. ही दुसऱ्या जातीची होती. शिवाय नुसत्या कुलपाने माझं भागणार नव्हतं. खाली कापूस होता. तो पेटला तर आग पहिल्यांदा वर आमच्याकडे येणार. काडतुसं आमच्याकडे, परवान्याचं पुस्तक आमच्याकडे. मला चोराला पुरणारी आणि आगीलाही पुरणारी तिजोरी हवी होती.

नवऱ्याने बंदूक उघडून दाखवली. नळी वेगळी होते, दस्ता वेगळा. मी माझ्या फॉलच्या टेपने मोजलं. नळी तीस इंच. तो आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी मुलीला काकूंकडे ठेवून एकटीच इतवारीत लोहा ओळीत, लोखंडी सामानाच्या बाजारात, गेले.

“बोला ताई, गहना ठेवाचा आहे?” दुकानातल्या माणसाने विचारलं.

“बंदूक.”

त्याने माझ्याकडे चपलांपासून वर पाहिलं. म्हणून मी पुढचा शब्द इंग्रजीत टाकला. “फायरप्रूफ दाखवा.” आग म्हणता आलं असतं. पण अशा दुकानांत एक इंग्रजी शब्द टाकला की लोक नीट बोलतात, अशी माझी समजूत.

त्याने एका हिरव्या तिजोरीवर थाप मारली. “बेफिकर राहा. आतमधून फायर झालं तरी गोळी बाहेर नाही येत. बाहेरून मारा, आत नाही जात. प्लेट देखा ना किती जाड आहे!”

“म्हणजे फायरला टिकते?”

“टिकते म्हणजे! दोनदा मारा.”

दोनदा कोण मारणार, असं मनात आलं, पण मी मान हलवली. समजलं नाही की मान हलवायची, ही माझी शाळेपासूनची खोड. दारावर इंग्रजी पट्टी होती. इंग्रजी अक्षरं मला लागतात, पण समोर कुणी उभं असलं की लागत नाहीत. मी पट्टीचा फोटो काढला आणि उद्या येते म्हणून निघाले. मनात मात्र खरेदी झालीच होती.

काकूंनी फोटो बोटांनी मोठा केला. वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. “हे तर चोरीचं आहे वं. हातोडा, ड्रिल, त्याच्यापुढे किती वेळ टिकते ते लिहिलं आहे. आगीचं एक अक्षर नाही.”

“पण तो म्हणाला फायरला टिकते.”

“तू काय विचारलं त्याले?”

मी सांगितलं. काकू इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. “अवं, आधी बंदूक म्हटलं अन् मग फायर म्हटलं! तो गोळीचं सांगून राहिला होता तुले!”

मला हसू येईना. मुलीच्या जिवासाठी गेले होते आणि शिकलेली दिसायच्या नादात नुसती जाड पत्र्याची पेटी घरी आणणार होते. डोळे भरले तशा काकू थांबल्या. “रडून काहून राहिली? आग म्हणाचं. आग काय हलका शब्द आहे?”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच दुकानात गेले. दुसरीकडे जाता आलं असतं. मुद्दाम नाही गेले.

“आग,” मी म्हटलं. “आमच्या खाली कापसाचं दुकान आहे. ते पेटलं तर आतला कागद किती वेळ जळणार नाही, ते सांगा.”

“असं बोला ना ताई! काल तुम्ही फायर-फायर करून राहिल्या होत्या.”

“आणि तुम्ही गोळ्या मारत होतात.”

गल्ल्यावरचा म्हातारा फिस्सकन हसला. माणूस मला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथल्या तिजोऱ्या दिसायला ओबडधोबड, भिंती चार बोटं जाड. येताना त्याने कालच्या हिरवीवर टकटक केलं होतं, ती भांड्यासारखी वाजली. या जाडीवर केलं तर नुसता धप्प आवाज. दोन पत्र्यांच्या मधे भरती असते, तीच आग अडवते, म्हणाला. एका तासाची चाचणी झाली आहे, तेही म्हणाला.

“लिहिलंय कुठे?”

त्याने पट्टी दाखवली. मी वाकले, अक्षरावर बोट ठेवलं आणि मोठ्याने लावायला लागले. “एफ. आय. आर…”

“ताई, एफआयआर कराले आल्या का?”

“ई,” मी म्हटलं, आणि पुढे गेले. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. खोळंबू दे. साठ मिनिटं हे मी माझ्या तोंडाने वाचलं, तेव्हाच सरळ झाले. मग टेप काढून आतली उंची मोजली. तेहतीस इंच. वर वेगळ्या किल्लीचा खण होता, काडतुसांना आणि परवान्याला. मग त्या माणसानेच आपणहून सांगितलं की अशा तिजोरीत ओल धरते, नळीला तेल लावत जा, बुटांच्या डब्यातल्या पुड्या टाकून ठेवा. हे न विचारता सांगितलं म्हणून मी त्याचे आभार मानले, आणि ते मनापासून होते.

सहा हमालांनी ती जिन्याने चढवली. गादीवाला बाहेर आला. “वहिनी, हंडा सापडला का?”

“हो. तुमच्या कापसापासून वाचवायचाय.”

भिंतीत भोकं पाडून तिजोरी बोल्टने आवळायची होती, नाहीतर अख्खी उचलून नेता येते. काकूंना विचारताना माझी जीभ अडखळली. “पाड ना भोकं,” त्या म्हणाल्या. “भिंत माझी आहे, पोरगी तुझी आहे.” मिस्त्रीने वजन पेलेल असा बीमवरचा कोपरा दाखवला, तिथे ती बसवली.

किल्ल्या दोन होत्या. नवऱ्याने एक माझ्यापुढे धरली. “ही तुका. घरात असूंदे.”

“माका नको. परवानो तुमचो, किल्ली तुमची. घरात ऱ्हवली की तिका गावतली.”

 त्यांनी एक किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली आणि दुसरी कामावरच्या त्यांच्या कपाटात ठेवायला खिशात टाकली. लोक म्हणाले, एवढी तिजोरी घेतलीस आणि किल्लीही हातात नाही? नाही. तिजोरी मी निवडली ती उघडता यावी म्हणून नव्हे.

मुलगी खालून आली. नवी वस्तू बघून तिने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. मग पाय तिजोरीला लावून मागे झुकली. तोंड लाल झालं, दार हललं नाही. नवरा तिला उचलायला पुढे झाला, मी त्यांचा हात धरला.

“ओढ,” मी तिला म्हटलं. “अजून जोर लाव.”