काढून ठेवलेल्या सिमचे दोन मिसकॉल

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या धंद्यात जे समजत नाही त्याला आम्ही "नेटवर्क असेल" म्हणतो आणि चहाला जातो. पण मागच्या उन्हाळ्यातला एक प्रकार काही केल्या नेटवर्कमध्ये बसत नाही... म्हणून इथे लिहितोय. ज्यांना खोटं वाटेल त्यांच्यावर राग नाही. मलाही खोटंच वाटलं असतं.

मी नागपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीचं काम आमच्याकडे असतं. रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज दोन ते सहा डिग्रीच्या मध्येच राहावा लागतो. त्यावर नजर ठेवणारी सिस्टीम वानखेडे काकांनी बनवलेली. काका तिथले जुने टेक्निशियन, उमरेडच्या विणकर घरातले, आता रिटायर होऊन उमरेडलाच असतात. एक पीसी, तापमान मोजायला फ्रीजमध्ये सोडलेली वायर आणि सिम घातलेला डबीएवढा मोडेम, एवढाच संसार. मेसेज कोणी वाचत नाही म्हणून काकांनी मिसकॉलची रीत ठेवली होती — एक मिसकॉल म्हणजे जाऊन बघा, लागोपाठ दोन म्हणजे हातातलं टाकून पळा.

हे सगळं क्लाउडवर न्यायचं काम माझ्या गळ्यात आलं. प्रोग्राम कंटेनरमध्ये बांधायचा, म्हणजे त्याला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात भरायचं, की तो कुठल्याही मशीनवर उघडला तरी चालतो. काकांना फोनवर सांगितलं.

"मंग डब्बा कुठं ठेवशीन?"

"मुंबईकडे कुठेतरी, काका. नक्की जागा मलाही माहीत नाही."

"फ्रीज धंतोलीत अन् पहारेकरी मुंबईले! चांगलं आहे गा."

मी हसलो. थोडं लागलंही, खरं सांगायचं तर.

दोन आठवडे जुनी आणि नवी, दोन्ही सिस्टीम सोबत चालवल्या, दोन्हींच्या यादीत माझाही नंबर टाकला. फ्रीजचं दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की नव्याचे मेसेज आणि जुन्याचे मिसकॉल एकदमच. रक्तपेढीच्या रेखाताई वैतागल्या. "सर, एक तरी बंद करा नं! दोघंही सोबतच बोंबलून राहिले." मी नव्या सिस्टीमचा आवाज म्यूट केला. म्यूट करताना ती विचारते, कधीपर्यंत? मी तारीखच टाकली नाही. म्हटलं, उद्यापरवा काढूच.

मग एका गुरुवारी जुना पीसी बंद केला. प्लग मी स्वतः काढला, डिस्क काढली, मोडेममधलं सिम काढून कागदात गुंडाळून पाकिटात ठेवलं. नंबर बंद करायला द्यायचा होता. सगळं केलं... म्यूट तेवढा काढला नाही.

शनिवारी मी घरी होतो, शहराच्या टोकाला बेसाला. दुपारी सव्वाच्या सुमारास जेवायला बसलो, पहिला घास घेतला आणि फोन वाजला. दोन रिंग झाल्या, बंद. पुन्हा दोन रिंग, बंद. स्क्रीनवर नाव आलं, "फ्रीज". त्या सिमचा नंबर मी याच नावाने सेव्ह केला होता.

डाव्या हाताने खिशातलं पाकीट काढलं. कागद होता, कागदात सिम होतं. भूक मेली. भीती अशी वाटली नाही, उलट लाज वाटली, की आता रेखाताईंना फोन करून सांगायचं काय? पण दोन मिसकॉल होते. फोन केला.

"ताई, फ्रीज पाहता का जरा?"

"काही वाजलं तं नाही सर..." पावलांचा आवाज. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "सर, पाच पॉइंट आठ! मशीन बंदच पडली! अन् त्या रामटेकच्या बाईच्या पिशव्या यातच आहेत!"

ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या, तिच्या चार वाजताच्या ऑपरेशनसाठी राखलेल्या. सहाच्या वर गेल्या की फेकायच्या, आणि त्या गटाचं रक्त दुपारच्या दुपारी मिळतं थोडंच. रेखाताईंनी पळत दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवल्या. वाचल्या.

मी लॅपटॉप उघडला. नव्या सिस्टीमने एक वाजून बारा मिनिटांनी धोका बरोबर ओळखला होता. पुढे लिहिलेलं — सूचना म्यूट. म्यूट करणाऱ्याचं नाव माझं. फोनवर दोन्ही मिसकॉलची वेळ पाहिली, एक वाजून बारा.

नंतर सगळं तपासून झालं. मोबाईल कंपनी म्हणते, त्या नंबरवरून त्या दिवशी एकही कॉल गेला नाही. पीसीची डिस्क आमच्या कपाटात कुलपात होती. मित्र म्हणाला, उशिरा पोचला असेल. अरे, मिसकॉल काय पोस्टाने येतो? शेवटी काकांना विचारलं, तुम्ही दुसरं काही लावून ठेवलं होतं का?

"नाही गा. मी काहून लावू? ... तू उठला ना पण? बरं केलं. लोकं दोन मिसकॉल पाहूनही जेवत बसतात."

एवढंच बोलले.

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी हॉस्पिटलमध्येच जाऊन बसलो होतो. ऑपरेशन नीट झालं, दोन्ही पिशव्या लागल्या. त्या बाईचा नवरा मला शोधत आला, मळकट पांढरा शर्ट, डोळे लाल. पिशव्या कशा वाचल्या ते रेखाताईंनी त्याला सांगितलं होतं.

"साहेब, तुमच्या मशीननं लय मोठं काम केलं."

हो म्हणून मोकळा होऊ शकलो असतो. जीभ वळली नाही.

"दादा, मशीनचा आवाज मीच बंद केला होता. चालू करायचा विसरलो."

"मंग तुमाले कोणं सांगतलं?"

"माहीत नाही."

आता हा शिव्या देणार, असं वाटलं. द्यायलाच हव्या होत्या. त्याने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बोट केलं.

"आता चालू केला ना आवाज?"

"केला."

"पुन्हा एक डाव पाहून घ्या, साहेब. आतमंदी दुसऱ्यायच्या पिशव्या असतीन."

मी त्याच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि पाहिलं.