सकवारबाईंची उन्हावरची गिरणी

मेन स्विच पुष्करनेच खाली ओढला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. "आता बघा हं, लाईट गेली असं समजा," असं जमलेल्या गल्लीला बजावून, पुढाऱ्याने फीत कापावी तशा ऐटीत त्याने खटका खाली केला. सकवारबाईंची पिठाची गिरणी घरघरली, कण्हली आणि एक लांब सुस्कारा सोडून गप्प झाली. तिच्या गळ्यातली झेंडूची माळसुद्धा हलायची थांबली.

सगळ्यांनी आधी गिरणीकडे पाहिलं, मग पुष्करकडे आणि मग दारातून वर आभाळाकडे. ऊन असं लख्ख की गच्चीवर अनवाणी जायची छाती होऊ नये. ऊन होतं, गच्चीवर सोलरचे पॅनल होते, पॅनलमधून निघालेली जाडजूड वायर होती. फक्त गिरणी चालत नव्हती.

पुष्करने स्विच वर केला, खाली केला, पुन्हा वर, पुन्हा खाली. गिरणी नुसतीच हुंकारली. अर्धवट भरडलेली रागी, म्हणजे आपली नाचणी, दगडांत गच्च अडकून बसली होती.

दिवस दसऱ्याचा होता, हे इथे सांगायला हवं. खंडेनवमीला गिरणीला हळदकुंकू लावून विश्रांती द्यायची आणि दसऱ्याला पहिलं दळण घालायचं, हा या घराचा रिवाज. ते दळण एका घराचं नसतं. कानडी मुलखातल्या चामराजपेटच्या त्या गल्लीतलं प्रत्येक घर ओंजळभर रागी आणून टाकतं, सगळी एकत्र दळली जाते, आणि तेच पीठ घरोघर परत जाऊन दुपारचे मुद्दे, म्हणजे जेवणातले उकडीचे गोळे, त्याचेच होतात. पहिलं दळण अर्धवट राहिलं तर त्या गिरणीवर वर्षभर भरवसा ठेवायचा नाही, असं गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. आधीच निम्मी गल्ली दुकानातल्या पाकीटबंद पिठावर गेली होती. उरलेली निम्मी आज पातेली घेऊन दारात उभी होती.

सकवारबाई या गल्लीत सून म्हणून आल्या. त्यांचे पूर्वज तीनचारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले. फौज परत गेली, हे राहिले. बाई हिशेब कानडीत करतात, रागावतात मराठीत, आणि देवाशी दोन्हीत बोलतात, कारण त्याला काय कळतं याची त्यांना खात्री नाही. यजमान अप्पासाहेब पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत फिटर. गिरणी त्यांनी स्वतः जोडली आणि ते गेल्यावर बाईंनी ती चालवली. स्वयंपाकघरात बसून नुसत्या आवाजावरून त्या ओरडतात, "अण्णा, ओला गहू आणलास! उन्हात घाल आधी!" भुवया बारा महिने पांढऱ्या, वयाने की पिठाने, हे विचारायची कुणाची हिंमत नाही.

त्यांचं दुखणं एकच, लाईट जाणं. लाईट गेली की गिऱ्हाईक पिशवी उचलून पलीकडच्या गल्लीत खंडोजीकडे जाई. खंडोजीकडे डिझेलचा जनरेटर होता. त्या जनरेटरच्या धुराने बाईंचे वाळत घातलेले सांडगे एकदा काळे झाले, तेव्हापासून दोन गिरण्यांत बोलणं बंद.

आणि वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आला पुण्याचा पुष्कर. शहरातल्या इमारती हिरव्या कशा कराव्यात यावर तो ऑफिसात दिवसभर चित्रं आणि आलेख बनवी. ते ऑफिस चहूबाजूंनी काचेचं असल्यामुळे दिवसभर एसी लावावा लागे, ही गोष्ट वेगळी. बाईंनी त्याला विचारलं, "काय रे, लाईट गेल्यावर त्या धुराशिवाय माझी गिरणी चालेल?"

"अक्का, सूर्य असेपर्यंत चालेल!" पुष्कर म्हणाला होता, आणि त्याच्या शब्दावर बाईंनी गच्चीवर पॅनल बसवून घेतले होते.

आता त्याने पॅनल बसवणाऱ्या कंपनीच्या किरणकुमारला फोन लावला.

"सर, बाहेरची लाईन बंद झाली की आपला इन्व्हर्टर आपोआप झोपतो," किरणकुमार शांतपणे म्हणाला.

"झोपतो? अहो, भर दुपारी?"

"तुमच्या गच्चीवरची वीज बाहेरच्या तारेत गेली, तर खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसेल ना सर."

"पण ऊन आहे!"

"ऊन आहे सर. लाईन नाही."

"मग सोलर कशासाठी?"

"लाईट असताना वापरायला. लाईट गेल्यावरचं बॅटरीवालं वेगळं. मी सांगितलं होतं सर. तुम्ही तेव्हा पॅनलबरोबर फोटो काढत होता."

पुष्करने फोन ठेवला. लाईट असेल तरच चालणारी, लाईटला पर्याय असलेली वीज! त्याने ते वाक्य मनात सरळ वाचलं, उलटं वाचलं, दोन्ही बाजूंनी ते तितकंच गोल होतं.

"काय म्हणतो?" सकवारबाईंनी विचारलं. तोवर त्यांनी दगड उघडून अडकलेली रागी सुपात काढलीही होती.

"अक्का, म्हणजे... सूर्याला चालायला लाईट लागते."

"सरी, बरं. मग कर लाईट चालू."

पुष्करने खटका वर केला. काहीच झालं नाही. समोरच्या दुकानातला पंखाही थांबलेला दिसला. या खेपेला लाईट खरोखरच गेली होती.

दारातली पातेली चुळबुळ करू लागली. "पाकीट आणू का, स्वल्प उशीर होतोय," असं कुणीतरी हळूच म्हणालं. सकवारबाईंनी ते ऐकलं. पदर खोचला, सगळी रागी पोत्यात भरली आणि पोतं पुष्करच्या खांद्यावर चढवलं.

"चल."

"कुठे?"

"खंडोजीकडे."

"पण अक्का, तो डिझेलचा धूर! आपण तर त्याच्यासाठीच..."

बाई चालूही लागल्या होत्या. मागे सगळी गल्ली, वाजणाऱ्या पातेल्यांसकट.

खंडोजी जनरेटरच्या भकभकाटात उभा होता. मिरवणूक पाहून त्याने मिशीवरून हात फिरवला. "या अक्का! काय, सूर्य मावळला का लवकर?"

"मावळला नाही, झोपलाय," बाई म्हणाल्या. "गिरणी दे. दळण माझं, हात माझाच लागेल."

खंडोजीने मिशीवरचा हात खाली घेतला. मग तो स्वतःच्या गिरणीसमोरून बाजूला झाला. बाईंनी आपल्या हाताने रागी ओतली. दळण एका दमात उतरलं. निघताना खंडोजीने पुष्करला बाजूला घेऊन विचारलं, "ते पॅनल मलाही लावायचेत. तुमच्या कंपनीवाल्याऐवजी दुसऱ्या कुणाचा नंबर आहे का?"

परतताना वाटेवरच्या प्रत्येक दारात बाई मापाने पीठ वाटत होत्या. "उद्या गहू घेऊन येते अक्का," एका दारातून आवाज आला, आणि बाईंची चाल जरा सैल झाली. मागून पोतं सांभाळत, डोळ्यांत धूर आणि केसांत पीठ घेऊन पुष्कर येत होता. त्याला अजून हिशेब लागत नव्हता.

"अक्का, एक कळत नाही. ऊन बरोबर होतं, पॅनल बरोबर, इन्व्हर्टर बरोबर, तो खांबावरचा माणूसही बरोबर. मग चुकलं कोण?"

"तू, आणि पोतं सरळ धर, पीठ सांडतंय."