शिवेबाहेरची भाकर

पटकीच्या साथीचं नाव आमच्या गावात कुणी घेत नसे. ‘ती’ म्हणायचे, फार तर ‘मोठी माय’. नाव घेतलं की ती ओ देते, असा समज. मी मोडी लिहायला-वाचायला शिकलेला, स्वतःला शहाणा समजणारा माणूस. पण त्या वर्षी चैत्रात मीसुद्धा घरात ‘ती’च म्हणत होतो. भ्यालेल्या माणसाचं शहाणपण किती टिकतं, ते मला तेव्हा कळलं.

आमचं गाव अकोल्याहून अमरावतीकडे जाताना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ते कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा होता, आणि लोकांनी ज्वारी सोडून बांधापर्यंत कापूसच लावला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. कापसाच्या गाड्यांची रांग दिवसभर तुटत नसे. गाडीवान आमच्या विहिरीवर थांबत, पाणी पीत, बैल धूत आणि चार गोष्टी सांगून पुढं जात. आगगाडीच्या भरावावर काम करणारी माणसं पटापट मरतायत, ही बातमी त्यांनीच आणली. बातमीबरोबर आणखी काय आणलं, ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी माय. बाप केव्हाच गेला होता. माझ्या छातीत लहानपणापासून दमा. चार पावलं भरभर चाललो की श्वास लागायचा, रडलो तर जास्तच. दमेकऱ्याला पोरगी कोण देणार, म्हणून माझं लग्न राहिलं ते राहिलंच. माय हाडाची काटकुळी, पावसाळ्यात एकदा तापली ती पुन्हा सावरली नव्हती. गावात दुबळं घर कुठलं असं कुणी विचारलं असतं, तर लोकांनी आमच्याकडेच बोट दाखवलं असतं.

म्हणून आमची खबरदारीही सगळ्यांत जास्त. माझ्या कमरेला कांदा, मायच्या पदराला कांदा. खरबूज बंद, वांगं बंद, शिळं बंद. परक्या माणसाशी बोलायचं ते दारात उभं राहून, तोंडावर पदर घेऊन. सांज झाली की माय कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची, आणि त्या धुरानं मला असा खोकला लागायचा की शेजारी विचारायला येत. ‘ती’ मला न्यायच्या आधी हा धूरच नेईल, असं मी म्हणायचो. माय म्हणायची, “बोलू नको, धूर घे.” पाणी मात्र आम्ही गावच्या विहिरीचंच पीत होतो, निर्धास्तपणे. त्याला काय भ्यायचं?

खरी भीती आमची आमच्यासाठी नव्हतीच. धाकटी बहीण बाळंतपणाला येणार होती. तिची दोन लेकरं सासरीच जन्मली आणि दोन्ही गेली. तिसऱ्या खेपेला मायनं जावयाला निक्षून सांगितलं होतं, की या वेळी माझी लेक माझ्या डोळ्यांसमोर बाळंत होईल. जावयाच्या गाड्या अमरावतीला कापूस वाहत होत्या, त्याला घर दिसायचं नाही. त्यानं हो म्हटलं. तिला वैशाखाच्या तोंडाशी यायचं होतं. मायनं कोनाड्यातला डिंक काढून पाहिला, बाळंतिणीची बाज कसून घेतली. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता, कारण पलीकडच्या दोन गावांत ‘ती’ आल्याचं कानावर आलं होतं.

आमच्याकडे अशा वेळी गाडा काढायची रीत. कडुनिंबाच्या लाकडाचा लहानसा गाडा सुतार करतो. त्यात मोठ्या मायची बाहुली बसवतात, तिला हिरवं लुगडं, बांगड्या, कुंकू. घरोघरचं मूठमूठ धान्य, दहीभात, लिंबं. गाडा सगळ्या गल्ल्यांतून ओढायचा आणि शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. सोडल्यावर मागं वळून पाहायचं नाही. मग पाच दिवस गाव बांधलेलं, कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. पुढच्या गावानं तो गाडा आपल्या शिवेपार ढकलायचा, त्यांच्या पुढच्यांनी आणखी पुढं. हे क्रूर आहे असं कुणाला वाटत नसे. एक गोष्ट मात्र सगळे पाळत. शिवेपार सोडलेला गाडा पुढच्या गावानं हलवायच्या आत त्याच्या वाटेनं जो गावात येईल, तो तिला परत घेऊन येतो.

गावात अजून एकही माणूस दगावलं नव्हतं, त्यामुळे पाटील म्हणत होते की कुणाला लागण झाली तर पाहू. मी त्यांच्या ओसरीवर तीन दिवस जाऊन बसलो. “पाटील, लागण झाल्यावर गाडा काढून काय फायदा? माही बहीण येऊन राहिली बाळंतपणाले. तिच्या आधी गाव साफ करा.” तिसऱ्या दिवशी ते कंटाळले. “काढतो बापा, मंगळवारी काढतो. पण आता घरी जाय, तुह्या खोकल्यानं माही म्हैस बिचकते.”

गाडा कुठल्या दिशेला न्यायचा, हाही प्रश्न होता. मावळतीला अकोल्याचा मोठा रस्ता, तिथं सरकारी माणसं हटकणार. उगवतीला जुनी गाडवाट, तिच्यावर बहिणीचं सासर. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उगवतीलाच न्या. बहीण यायच्या आत गाडा कुठल्या कुठं गेलेला असेल, असा माझा हिशेब. तिच्या सासरच्या गावाचं काय होईल, हा विचार मला शिवला नाही असं नाही. शिवला, आणि मी तो झटकला. बहीण एकदा इकडे आली की तिकडचं मला काय, असंच मी मनात म्हटलं. ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

तिला निरोप धाडला, की बांधलेले दिवस संपल्यावर, रविवारी ये. निरोप नेणारा गाडीवान वाटेतच भ्याला आणि दुसरीकडे वळला. हे मला पुढं कळलं.

मंगळवारी दुपारी गाडा निघाला. मला ओढवणार नव्हतं, म्हणून मला आणखी दोघांबरोबर शिवेवरच्या निंबाखाली राखणीला बसवलं. गाडा सोडून माणसं परत आली, मान खाली घालून. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आता ये म्हणावं, असं मी स्वतःशीच म्हणालो.

आणि ती आली. ऊन उतरलं होतं. उगवतीच्या वाटेवर दमणी दिसली, बहिणीच्या सासरची, मी बैलांवरून ओळखली. तिच्या गावात त्या सकाळी दोन माणसं गेली होती, म्हणून घाबरून तिच्या आतेसासूनं तिला गाडीत घातलं आणि सरळ माहेरची वाट धरली होती. वाटेत तो हिरव्या लुगड्याचा गाडा त्यांनी पाहिला, बाजूनं दमणी काढली आणि पुढं आल्या. दुसरी वाटच नव्हती.

माझ्याबरोबरचे दोघं काठ्या आडव्या धरून उभे राहिले. बहीण एका हातानं पोट सावरत उतरली. उन्हानं लाल झालेलं तोंड, आणि त्यावर हसू. मला पाहून तिला वाटलं, भाऊ सामोरा आलाय.

“भाऊ, येऊ काय?”

मी म्हटलं, “थांब.”

गावात आलेल्या कितीतरी लोकांना मी आयुष्यभर या म्हटलं असेल. तिला म्हटलं थांब.

माय धापा टाकत आली, पाटील आले, खूप बोलाचाली झाली. माय पाटलांच्या पाया पडली. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही घरात नातवंडं होती, आणि सगळं गाव त्यांच्या पाठीशी उभं होतं. शेवटी ठरलं की शिवेबाहेर आमचा मळा आहे, तिथल्या झोपडीत दोघींनी पाच दिवस राहावं. विहीर आहे, सावली आहे. जेवण घरून जाईल, पण अर्ध्या वाटेवरच्या दगडावर ठेवायचं, जवळ जायचं नाही. माय शिवेच्या अलीकडे उभी, बहीण पलीकडे, मध्ये दहा पावलं. मायनं तिथूनच दृष्ट काढली. हवेतच.

बुधवारी मायनं भाकरी केल्या आणि मी नेऊन ठेवल्या. गुरुवारी पहाटे मायला ढाळ लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली. गाव बांधलेलं होतं, गाडा गेलेला होता, आणि ‘ती’ आमच्याच घरात होती. मी पाणी पाजत राहिलो, त्याच विहिरीचं. ‘ती’ पाण्यातून येते, हे मी पुष्कळ वर्षांनी ऐकलं. ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला माय म्हणाली, “तिले सांगू नको. बाळंत होईस्तोर सांगू नको. पोटातलं हालन तिचं.”

मी म्हटलं, “नाई सांगत.”

तेवढंच बोलणं झालं. शुक्रवारी सकाळी मी मायला मसणात पोचवून आलो, आंघोळ केली आणि चुलीपुढं बसलो. गुरुवारी दोघींनी सोबतच्या शिदोरीवर भागवलं असेल; आजही जेवण गेलं नसतं तर बहिणीला शंका आली असती.

मायच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. ती भाकर थापायची तेव्हा त्या बोटाची एक खळी काठाजवळ उठायची. लहानपणी आम्ही दोघं खळीचा तुकडा कुणाला यावरून भांडायचो. माझ्या पहिल्या दोन भाकरी फाटल्या, तिसरी करपली. चौथी बरी आली. तिच्या काठाशी मी माझं बोट दाबलं, खोल खळी केली, आणि मग ती तव्यावर टाकली.

दगडावर भाकर ठेवून मी मागं सरलो. आतेसासू येऊन घेऊन गेली. बहीण झोपडीच्या दारात उभी होती.

“माय काहून नाई आली?” ती ओरडली.

“तिच्याच्यानं चालवत नाई उन्हात.”

“बरी हाय ना?”

“बरी हाय.”

ती आत गेली, जरा वेळानं पुन्हा दारात आली. “मायले सांग, भाकर चांगली झाली म्हून.”

“सांगतो,” मी म्हटलं, आणि निंबापर्यंत नीट चालत आलो. निंबाआड मात्र मला असा दम लागला की मी खालीच बसलो.

पाच दिवस संपले, पण गावात रोज कुणी ना कुणी जात होतं. आता पाटील उलटंच म्हणू लागले, की तुझ्या बहिणीला आत आणू नको, ती बाहेरच बरी. मी रोज भाकर नेत होतो, रोज खळी करत होतो. रोज ती मायला निरोप द्यायची. डाळीत मीठ जास्त झालं, मायले सांग. मायले म्हणावं, उन्हात निजू नको. मायले म्हणावं, मी चांगली हाय. आणि मी रोज म्हणायचो, सांगतो.

नवव्या दिवशी झोपडीतून रडणं ऐकू आलं. आतेसासू दारात येऊन दोन्ही हात वर करून हसली. पोरगी होती, धडधाकट. मळ्यातल्या त्या विहिरीचं पाणी पिऊन तिघीही सुखरूप होत्या. बाहेर ठेवलेल्या जगल्या, आणि आत जपलेली माय गेली.

बाराव्या दिवशी जावई अमरावतीहून आला. त्याच्या गावातली साथ सरली होती, तो तिला न्यायला आला होता. आता सांगणं भागच होतं. मी पहिल्यांदाच दगड ओलांडून तिच्याजवळ गेलो. तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “माय कोण्या दिवशी गेली?”

मी विचारलं, “तुले कोणं सांगतलं?”

“कोणं सांगाले पाह्यजे? मायची खळी डोयाले दिसत नाई, भाऊ. हाताले लागते. तू तर हे एवढं भोक पाडून आणलं. माय जिती असती तं तुले चुलीपुढं बसू देलं असतं काय?” ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

“पयल्या दिवशीच समजलं?”

“पयल्याच घासाले.”

“मंग काहून नाई बोलली? रोज मायले निरोप देत होती.”

“बोलली असती तर तू रडला असता. अन् रडलं की तुले दम लागते. तिथून मी तुही पाठ कशी चोळणार होती?”

मायनं तिला जपायला मला गप्प बसवलं, आणि तिनं मला जपायला आपलं रडणं गिळलं. बाळंतपण तोंडावर आलेलं, माय गेलेली, आणि ही बाई झोपडीच्या दारातून माझ्यासाठी डाळीत मीठ जास्त झालं म्हणून ओरडत होती. मी तिथंच बसून रडलो. दम लागला, आणि तिनं पाठ चोळली.

ती गावात आलीच नाही. माय नाही त्या घरात काय करू, म्हणाली. दमणी जुंपली. पोरीला मांडीवर घेऊन ती बसली आणि वाटेकडे पाहत म्हणाली, “भाऊ, गावात तं कोणी गेलं नव्हतं तवा. मंग गाडा इतक्या लवकर काढाले कोणं लावला?”

मी म्हटलं, “गावानं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. भाकर पाहिली असेल तसंच पाहिलं असावं. मग पोरीचं टोपडं नीट केलं.

“भाकरी करत जाय,” ती म्हणाली. “आता तुले येतात.”